काठावरची नाव

फार फार जुनी गोष्ट. नदीकाठच्या एका गावात कोंडाजी नावाचा नावाडी राहत होता. त्याची लेक येसू चालायला शिकण्याआधी पाण्यात शिरली, असं गाव कौतुकाने म्हणे.

त्या गावात दर चैत्रात मुलांची शर्यत लागे. पोहत पैलतीरी जायचं, देवळाची घंटा वाजवायची आणि परत यायचं. येसूने दहाव्या वर्षी शर्यत जिंकली, अकराव्या वर्षीही जिंकली, आणि कोंडाजीच्या डोक्यात हवा गेली. मग बारा महिने, पहाटे आणि सांजेला, तो तिला नदीत उतरवू लागला. ताप असो की सण, सुटका नाही.

"पाण्यात हसायचं न्हाई," तो बजावी. "हसलं की दम जातो."

लेकीचं भलं करतोय, असंच त्याला वाटत होतं.

येसू हसेनाशी झाली. आंघोळीलाही ती नदीवर जाईना, घरातच घागरभर पाणी घेई. कोंडाजीला ते दिसलं, पण उमजलं नाही.

पुढच्या चैत्रात येसू ऐन शर्यतीत अर्ध्या नदीवर थांबली. हातपाय हलवणंच तिने सोडून दिलं. कोंडाजीने नाव लोटली आणि ती बुडणार तोच तिला वर ओढलं.

"हात भरून आले का गं?"

"न्हाई आबा. पाणीच नको वाटतंय."

चारचौघांत हसं झालं, हेच कोंडाजीला जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याने तिला पुन्हा उठवलं. ती मुकाट्याने उठली.

वैशाखात नदी उतरली. दरवर्षीप्रमाणे कोंडाजीने नाव काठावर ओढली, पालथी घातली आणि तेलाचं फडकं घेऊन बसला. येसू जवळ येऊन उभी राहिली.

"आबा, हिला वर का काढतोस?"

"बारा महिने पाण्यात ठेवली तर लाकूड कुजतं, पोरी. दोन महिने वाळली की वर्षभर तरते."

"मग मला का न्हाई काढलंस?"

कोंडाजीचा हात थांबला. लाकडाचं दुखणं कळणाऱ्या त्या माणसाला पोटची पोर कळली नव्हती. त्याला रडू आवरेना.

"आजपासून तूबी काठावर," तो म्हणाला. "मन होईल तवाच उतर."

दोन महिने गेले. नावा पाण्यात गेल्या, येसू गेली नाही. पुढचा चैत्र आला, शर्यत तिच्याविना झाली. कोंडाजीने चकार शब्द काढला नाही. मग एका दुपारी पैलतीरावरून परतताना त्याला पाण्यातून ओळखीचं हसणं ऐकू आलं. वल्हं थांबवून तो कितीतरी वेळ ऐकत राहिला.

येसू शर्यतीत पुन्हा कधी उतरली नाही. पण त्या गावात रीत पडली, की नावा काठावर चढल्या की शर्यतीची मुलंही दोन महिने काठावर.

तात्पर्य : ज्याला विसावा मिळत नाही, त्याची आवड त्याच्याआधी बुडते.