डोहातली मरळ आणि गयना

एकदा काय झालं, सिंदफणा नदीच्या काठी गयना नावाची भोईण राहायची. तिचा नवरा लिंबाजी होडी चालवायचा. एके दिवशी होडी उलटली. लोकांनी त्याला डोहातून जिवंत काढलं, पण त्याचा आवाज खालीच राहिला. ओठ हलायचे, शब्द फुटायचा नाही. मग तो पाठ फिरवून जेवायला लागला.

तिची म्हातारी राही आत्या म्हणाली, "गयने, डोहातल्या मोठ्या मरळीनं त्याचा आवाज गिळलाय. तिला धर, पोट चीर. पण आमिष जिवंत हवं. आणि ऋतू बदलला की तिची भूक बदलते, ध्यानात ठेव."

पावसाळ्यात पाणी गढूळ. माशाला दिसत नाही, तो वासावर येतो. म्हणून गयनानं गळाला गांडूळ लावलं. मरळ आली, हिसका दिला, दोरी तुटली.

मग थंडी पडली. पाणी निवळलं, मासे सुस्तावले. गयनानं झिंगा लावला. मरळीनं तो नुसता कुरतडला अन् गेली. गयना रडली नाही बरं का, पण घरी लिंबाजीच्या तोंडाकडे तिला बघवेना.

मग उन्हाळा आला, डोह आटत आला. तिनं इवलासा बेडूक लावून पाण्यावर नाचवला. धपकन मरळ उसळली आणि गळाला लागली! गयनानं ती काठावर ओढली. मरळीनं तोंड उघडलं, तर आतून हाक आली, "गयने!"

लिंबाजीचीच हाक.

गयनानं विळा उचलला. तेवढ्यात तिला पाण्यात लाल लाल पिल्लं दिसली, शेकडो. आई नाही म्हणून एकाच जागी घिरट्या घालत होती. वरून खंड्या पक्षी झेपावला, चोच भरून उडाला. परत आला.

"गयने!" पुन्हा हाक.

"धनी, मला माफ करा," ती म्हणाली. गळ काढला, मरळ पाण्यात सोडली.

घरी येऊन तिनं सगळं सांगितलं. "तुमचा आवाज हातात आला होता. मीच सोडला."

पाठ फिरवून बसलेला लिंबाजी तिच्याकडे वळला. मग त्याचा गळा खरखरला.

"बरं केलंस," तो म्हणाला.

आवाज बारीक होता, पण त्याचाच होता. पुढं दोघं एकमेकांशी बोलत बोलत सुखानं म्हातारे झाले. झालं, एवढंच. आता पांघरूण ओढा, डोळे मिटा.