बिननावाचे दुखणे

सुषेण राजा चंपकवती नगरीत राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व तेथील पशुवैद्यांच्या एका घरी जन्माला आला. त्याचे नाव सोमिल. वैद्यमंडळाचे प्रमुख आचार्य भद्रक यांच्याजवळ राहून तो हत्ती, घोडे आणि गाईगुरे यांची चिकित्सा शिकला. हत्तीच्या पोटाला कान लावून तो बराच वेळ उभा राही, आणि हत्ती त्याला उभे राहू देत. राजाचा जुना गजवैद्य दृष्टी गेल्यामुळे घरी बसला होता. त्याची जागा सोमिलला मिळणार, हे नगरात सर्वांना माहीत होते. आचार्यांनी राजाच्या कानावर तसे घातलेही होते.

त्या नगरीत वैद्यांची एक रीत होती. घरात माणूस आजारी असो की जनावर, वैद्याने तपासून रोगाचे नाव सांगायचे आणि निघताना त्या रोगाच्या रंगाचा धागा दाराच्या कडीला बांधायचा. पूर्वी कधीतरी मोठी साथ आली, तेव्हा कोणत्या घरात काय आहे हे येणाऱ्याजाणाऱ्याला कळावे म्हणून ही रीत पडली. साथ गेली, रीत राहिली. धागा बांधला की त्या रोगाचे ठरलेले औषध सुरू होई. धागा न बांधता घराबाहेर पडणाऱ्या वैद्याला आपली धाग्यांची पिशवी मंडळापुढे ठेवावी लागे आणि वैद्यकी सोडावी लागे. त्यामुळे धागा न बांधता कोणी बाहेर पडत नसे.

नदीकडच्या गल्लीत धारिणी नावाची एक बाई राहत असे. तिचा नवरा चंदनाचा व्यापारी होता. तो आदल्या हिवाळ्यात वारला. मूलबाळ नव्हते. घरात चंदनाचे ओंडके रचलेले होते, एक सहाण होती, आणि कवडी नावाचे मांजर होते. पांढरे, पाठीवर पिवळट ठिपके असलेले. नवरा सहाणेवर चंदन उगाळायला बसला की ते त्याच्या मांडीवर येऊन बसे. तो गेल्यावर काही दिवस ते सहाणेपाशी बसून राहिले. मग एके दिवशी धारिणी उगाळायला बसली तेव्हा तिच्या मांडीवर आले. धारिणी त्या दिवशी प्रथम पोटभर जेवली.

पावसाळा सरला आणि कवडीने खाणे कमी केले. ती वाटीपाशी येई, वास घेई आणि तोंड फिरवी. पाण्याच्या घंगाळाच्या काठावर हनुवटी टेकून बसे, पण पीत नसे. अंग चाटणे तिने सोडले. केस गुंतून त्यांच्या गाठी झाल्या. मग ती ओंडक्यांच्या मागे जाऊन बसू लागली.

पहिल्या वैद्याने अंतर्ज्वर सांगितला आणि तांबडा धागा बांधला. ज्वराला लंघन. हत्तीला मानवते, घोड्याला मानवते. कवडीला उपाशी ठेवले. ती अर्धी झाली. दुसऱ्याने पोटात गुल्म, म्हणजे गाठ, आहे म्हणून पिवळा धागा बांधला आणि एरंडेल पाजले. तिसऱ्याने विष खाल्ले असावे म्हटले, काळा धागा बांधला आणि ओकारीचे औषध दिले. पोटात काही नव्हतेच. ती कोरड्या उमाशांनी वाकत राहिली. धारिणीने तिन्ही वेळा तिचे पाय धरले होते, औषध पाजता यावे म्हणून.

"नवऱ्याला तरी एवढे वैद्य आणले होतेस का गं?" शेजारीण दारातले तीन धागे पाहून म्हणाली. "मांजर ते. गेलं तर दुसरं आण. माझ्या परसात चार हिंडतायत."

"ती चार तुझी तुला राहू देत," धारिणी म्हणाली आणि सोमिलला बोलावणे पाठवले.

बोधिसत्त्व सकाळी आला. घरात चंदनाचा वास इतका होता की रोगाचा वास कळेना, म्हणून त्याने कवडीला उचलून अंगणात नेले. तिचा श्वास हुंगला. ओठ वर करून हिरड्या पाहिल्या. त्या धुतलेल्या कापडासारख्या होत्या. मानेचे कातडे चिमटीत धरून सोडले. ते तसेच उभे राहिले. मग त्याने पोटावर बोटे ठेवली आणि दुपार होईपर्यंत तेथेच बसला. सकाळी पोट कठीण लागत होते, दुपारी मऊ लागले. अंग तापले, आणि तो ताप आहे असे म्हणावे तोवर उतरले. हत्ती आजारी पडला की कान हलवणे थांबवतो. घोडा वळून आपल्या कुशीकडे पाहतो. गाईचे नाक कोरडे पडते. कवडी मात्र पाय पोटाखाली घेऊन, डोळे अर्धवट मिटून बसली होती आणि काहीच दाखवीत नव्हती.

"काय झालंय?" धारिणीने विचारले.

"मला ठाऊक नाही, बाई."

तिला वाटले, अजून तपासायचे असेल. ती थांबली. मग तिने पुन्हा विचारले आणि त्याने तेच उत्तर दिले.

"ठाऊक नाही म्हणजे? तुम्ही राजाच्या हत्तींचे होणारे वैद्य. सकाळपासून बोटं लावून बसलाय. आणि ठाऊक नाही?"

"लंघन, एरंडेल, ओकारी, सगळं थांबवा. घेईल तेवढं पाणी द्या, खाईल ते खाऊ द्या. त्याने ती बरी होईल, असं मात्र मी म्हणत नाही."

"माझा नवरा गेला तेव्हा भद्रकांनी रोगाचं नाव सांगितलं होतं," धारिणी म्हणाली. "तेवढं नाव होतं म्हणून मला झोप लागली. हिचंही एक नाव सांगा. पिशवीतला कुठलाही धागा काढा. मी काय रंग बघणार आहे?"

"धागा बांधला की त्याचं औषध हिच्या तोंडात जाणार. आणि पाय तुम्हालाच धरावे लागतील."

धारिणी रागाने उठली. "मग आलात कशाला?" ती म्हणाली, आणि कवडीला घेऊन आत गेली.

बोधिसत्त्व दाराबाहेर पडला. त्याने धागा बांधला नाही. शेजारणीने ते पाहिले, आणि तो वैद्यमंडळाच्या ओसरीवर पोचण्याआधी बातमी तेथे पोचली होती.

आचार्य भद्रक त्याला बाजूला घेऊन म्हणाले, "अरे सोमिल, परत जा आणि बांध काहीतरी. मांजर आहे. कोण विचारणार आहे?"

"काय बांधू, आचार्य?"

"वातशूल बांध. निळा. वातशूल कशातही बसतो." मग आवाज उतरवून ते म्हणाले, "मीसुद्धा बांधलेत रे. माणूस नावाला धरून उभा राहतो. तेही काढून घेतलंस तर त्याने कशाला धरायचं?"

आचार्य बोलले ते खोटे नव्हते. बोधिसत्त्वाने पिशवी ओसरीवर ठेवली, आचार्यांच्या पायांना हात लावला आणि तो घरी गेला. त्या आठवड्यात राजाने दुसऱ्या शिष्याला गजवैद्य केले.

दुसऱ्या दिवशी तो रिकाम्या हातांनी धारिणीच्या दारात आला. तिने त्याला ये म्हटले नाही आणि जा म्हटले नाही. तो ओंडक्यांपाशी बसला. कापडाची चिंधी पाण्यात भिजवून कवडीच्या ओठांना कशी लावायची, ते त्याने दाखवले. केसांच्या गाठी कातडे न ओढता बोटांनी सोडवल्या. यांत चिकित्सा काही नव्हती. तो रोज येऊ लागला.

एके सकाळी कवडीने मासा खाल्ला. बोटाच्या पेराएवढाच, पण चावून खाल्ला आणि नंतर पंजा चाटला. धारिणी धावत गल्लीत गेली आणि शेजारणीला हाताला धरून घेऊन आली. "बघ, बघ, खाल्लं हिने!" शेजारीणही खाली बसून पाहू लागली. "खाते की गं ही," ती म्हणाली, आणि घरून आणखी मासा घेऊन आली. त्या दिवशी धारिणीने बोधिसत्त्वाला ताक दिले आणि हसून म्हणाली, "वैद्यराज, तुमचं ठाऊक नसणं गुणाला आलं."

तोही हसला. दुसऱ्या सकाळी कवडीने आणलेल्या माशाकडे पाहिले नाही. त्याच्या पुढच्या सकाळी ती उभी राहताना मागच्या पायांवर कोलमडली.

धारिणी तडक आचार्य भद्रकांकडे गेली. तिने काय सांगितले ते त्यांनी पुरते ऐकूनही घेतले नाही. ते शेगडी आणि डाग देण्याची सळई घेऊन स्वतः आले. त्यांनी येताच निळा धागा बांधला.

"वातशूल," ते म्हणाले. "मागचे पाय गेले म्हणजे तोच. कण्याच्या दोन्ही बाजूंना डाग द्यायचे. धरा हिला."

बोधिसत्त्व नेहमीप्रमाणे ओंडक्यांपाशी बसलेला होता. तो उठला नाही, आडवा आला नाही. शेगडीत सळई लाल होऊ लागली. कवडी धारिणीच्या मांडीवर होती.

"यांना ठाऊक आहे म्हणतात," धारिणी त्याला म्हणाली. "डागाने ती वाचेल?"

"ठाऊक नाही."

"आणि नाही डागलं, आणि त्यानेच ती वाचणार असली तर?"

"तेही मला ठाऊक नाही."

"मग तुम्हाला ठाऊक आहे तरी काय?" ती ओरडली.

बोधिसत्त्वाने कवडीच्या पाठीवरून हात फिरवला, अगदी वरच्यावर. "तिला दुखतंय. खाली जमिनीवर ठेवलं की अंग आखडतं. तुमच्या मांडीवर थोडं कमी आखडतं. मला एवढंच कळलंय."

आचार्यांनी सळई बाहेर काढली. "हातावर हात ठेवून बसणं हे वैद्याचं काम नव्हे, सोमिल. काहीतरी करावं लागतं. बाई, धरा."

धारिणीने पाय धरण्यासाठी हात खाली नेले. कवडीने ते ओळखले. तिने अंग चोरले नाही; डोळे मिटून घेतले आणि वाट पाहत राहिली. धारिणीचे हात तसेच राहिले. सळई काळी पडत गेली. आचार्यांनी ती पुन्हा शेगडीत घातली, पुन्हा काढली.

"नको," धारिणी म्हणाली.

"नंतर मला बोल लावू नका."

"नाही लावणार. पण नको."

आचार्य गेले. जाताना त्यांनी बोधिसत्त्वाकडे एकदा पाहिले. त्यांचा चेहरा थकलेला होता. धारिणीने दारातले धागे काढले नाहीत. तिला तेवढे त्राणच नव्हते.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, सकाळच्या वेळी, धारिणी विहिरीवर गेली असताना कवडी मेली. बोधिसत्त्व आला तेव्हा धारिणी चंदनाचे ओंडके एकेक करून ओढून बाजूला काढत होती. तिच्या हातांना कुसळे लागून रक्त येत होते. कवडी अगदी शेवटच्या ओंडक्याच्या मागे शिरली होती. दोघांनी मिळून तो ओढला. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. अंग पुरते गार झाले नव्हते.

"मी निघाले तेव्हा मांडीवर होती," धारिणी म्हणाली. "उतरवून ठेवली आणि गेले. विहिरीवर उगीच बोलत राहिले. लगेच परतले असते तर?"

"ठाऊक नाही, बाई."

"डाग दिला असता तर?"

"ठाऊक नाही."

"काय झालं होतं हिला?"

त्याने नुसती नकारार्थी मान हलवली.

धारिणी रागावली नाही. तिने जमिनीवरची चटई थोडी त्याच्याकडे सरकवली आणि म्हणाली, "बसा." तो बसला. चंदन घ्यायला एक गिऱ्हाईक दारात आले, आत पाहून परत गेले. ऊन अंगणातून ओसरीवर आले, तेव्हा दोघांनी उठून परसात खड्डा खणला. पाऊस सरून बरेच दिवस झाले होते आणि माती कठीण होती. खड्डा हवा तेवढा खोल झाला नाही.

बोधिसत्त्व पुढे राजाच्या गोठ्यात चारा घालण्याचे काम करून राहिला. त्याला पुन्हा वैद्य म्हणून कोणी बोलावले नाही. धारिणीने पुन्हा मांजर पाळले नाही.

शास्ता जेतवनात राहत असताना श्रावस्तीची एक उपासिका त्यांच्याकडे आली होती. तिचे मांजर न कळणाऱ्या आजाराने मेले होते, आणि माझे काय चुकले, एवढेच ती पुन्हा पुन्हा विचारीत होती. शास्त्यांनी तिला ही पूर्वजन्मीची कथा सांगितली आणि मग त्या वेळची माणसे आजच्या माणसांशी जुळवून दिली. "त्या वेळचे आचार्य भद्रक म्हणजे आज आपल्यातला भिक्षू पुण्यक, अजूनही त्याला कोणाला रिकाम्या हातांनी परत पाठवता येत नाही. धारिणी तूच होतीस. आणि तो वैद्य मी होतो."

उपासिकेने विचारले, "आणि कवडी, भगवन्?"

"ती कवडी होती," शास्ते म्हणाले. "आज ती इथे नाही."

या कथेतील पारमिता, म्हणजे बोधिसत्त्वाने पूर्णत्वाला नेलेला गुण, सत्याची आहे. तिने कवडी बरी झाली नाही.