कलमाचा मुहूर्त

एका मुस्लिमबहुल देशाची नवी राज्यघटना लिहिली जात होती. कायदामंत्री कुदरतुल्ला यांनी ‘राज्याचा धर्म इस्लाम असेल’ असं कलम मांडलं, तेव्हा घटना समितीत विरोधाला उभ्या राहिल्या एकट्या सदस्य तहमीना बेगम, निवृत्त शिक्षिका.

“माझ्या वर्गात ख्रिस्ती पोरंही बसायची. राज्यही तसंच सगळ्यांचं असू द्या,” त्या म्हणाल्या.

मंत्र्यांनी दाढीवरून हात फिरवला. “बेगमसाहिबा, तुम्ही पोरांना पाढे शिकवा. धर्माच्या बाबतीत या देशात दोन मतं नाहीतच!”

बाकं दणाणली. आता मतदान झालं की संपलं, हे तहमीना बेगमना दिसत होतं. त्यांनी शांतपणे चष्मा पुसला.

“असं असेल तर माझाही पाठिंबा. फक्त खाली एक ओळ घाला. ज्या वर्षी देशातले सगळे मौलवी चंद्र पाहून एकाच दिवशी ईद करतील, त्या वर्षापासून हे कलम लागू होईल.”

“एवढंच ना? घाला!” मंत्री ऐटीत म्हणाले, आणि कलम एकमतानं मंजूर झालं.

त्याला एकवीस वर्षं झाली. कुदरतुल्लासाहेब दरवर्षी दुर्बीण घेऊन गच्चीवर चढतात. यंदा त्यांना चंद्र दिसला नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी ते रोजा धरून बसले. आणि खालच्या मजल्यावर त्यांचे मौलवी असलेले सख्खे भाऊ ईदचा शीरखुर्मा ओरपत होते.