लोहाराचा गळ आणि लोहारणीचं मौन

नदीकाठच्या एका गावात एक लोहार राहत होता. दिवसभर ऐरणीवर घाव घालून त्याचा आवाजही घणासारखाच झाला होता. त्याची लेक पहिलटकरीण. चार दिवसांसाठी माहेरी आली होती आणि तिला डोहाळे लागले ते मरळ माशाचे. तोही बाबांनी स्वतः धरलेला हवा. गुरुवारी जावई न्यायला येणार, म्हणजे हातात तीनच दिवस.

लोहाराने स्वतः गळ घडवला. सोमवारी उन्हं कलल्यावर खिळे ठोकलेल्या वहाणा खाडखाड वाजवत तो नदीवर गेला. माणूस भाविक. नदीमाईचा मोठ्याने जयजयकार केला, धबकन नारळ पाण्यात टाकला आणि तिथेच, उन्हाकडे पाठ करून बसला. त्याची लांबलचक सावली थेट पाण्यात पडली. मासा काही आला नाही.

घरी आल्यावर लोहारीण म्हणाली, अहो, नदीमाईचं नाव जरा हळू घ्या, झाडाआड बसा. लोहाराने ते हसण्यावारी नेलं. मंगळवारी तिने पुन्हा तेच सांगितलं, तरी त्याने दोन नारळ टाकले आणि जयजयकार दुप्पट केला. मासे पार पलीकडच्या काठाला गेले.

रात्री लेक म्हणाली, "राहू दे बाबा, आमटी छान झालीय." लोहार अर्ध्या ताटावरून उठला आणि गळाला पुन्हा धार लावायला बसला.

बुधवारी लोहारीण त्याच्यासोबत निघाली. लेकीच्या सुखरूप बाळंतपणासाठी तिने पाच बुधवार दिवेलागणीपर्यंत मौन धरलं होतं. नदी दिसताच तिने नवऱ्याच्या वहाणा काढायला लावल्या. त्याने नारळ उचलला, तो तिने काढून आपल्या ओटीत ठेवला. मग त्याला करंजाच्या झाडाआड सावलीत बसवलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

"एका घरात दोन मुके कशाला?" लोहार पुटपुटला. पण गप्प बसला.

बराच वेळ गेला. पाखरं घरट्याकडे वळली. इतक्यात गळाच्या दोरीला तरंगायला बांधलेला ज्वारीच्या धांड्याचा तुकडा हलला आणि बुडाला. लोहार आरोळी ठोकणार, तोच लोहारणीने त्याच्या तोंडावर हात ठेवला. त्याने ओढलं, तर हातभर मरळ!

मग तिने ओटीतला नारळ त्याच्या हाती दिला. त्याने तो कपाळाला लावून हळूच पाण्यात सोडला.

घरी दिवा लागला, मौन सुटलं. लेक बोटं चाटत जेवत होती. लोहार बायकोला म्हणाला, "एवढं सगळं ठाऊक होतं, तर आधी का नाही सांगितलंस?"

लोहारीण हसली. "दोन दिवस सांगतच होते. आज बोलले नाही, म्हणून तुम्ही ऐकलंत."

तात्पर्य: देवाला हळू म्हटलेलंही पोचतं, आणि घरच्या माणसाचं हळू बोलणं ऐकणाऱ्याचा गळ रिकामा राहत नाही.