शास्त्रीबुवांची प्रदक्षिणा

लक्ष्मीनारायणाच्या देवळामागच्या ओवरीत मथुराक्का एकटीच राहायची. नवरा गेलेला, मूलबाळ नव्हतं, आणि विधवेच्या दारात बोलत उभं राहायला येतंय कोण?

एक दिवस धुंडिराजशास्त्र्यांनी देवळात पंच बोलावले. म्हणाले, "हिने पाप केलं असं मी म्हणत नाही. पण एकट्या बाईचं मन म्हणजे उतारावरचं पाणी. आज ना उद्या पापाकडेच वळणार. देवाच्या आवारात हे नको. ओवरी रिकामी करून घ्या."

पंचांनी माना हलवल्या. शास्त्र्यांपुढे बोलण्याची कुणाची छाती नव्हती. पाटलांनी तेवढं विचारलं, "आक्का, तुम्हाला काही म्हणायचंय?"

"शास्त्रीबुवा रोज पहाटे प्रदक्षिणा घालतात," मथुराक्का म्हणाली. "माझ्या भिंतीशी आले की खणखणीत आवाजात देवाला सांगतात, मी पापी, माझी करणी पापाची, माझा जन्मच पापातला. देवापुढे ते खोटं बोलायचे नाहीत. माझं पाप तर अजून व्हायचंय. तेव्हा आधी त्यांनी देऊळ सोडावं, मी मागोमाग निघते."

पाटलांनी मिशीवरून हात फिरवत हसू दाबलं. शास्त्री उपरणं सावरत उठून गेले. ओवरी आक्काकडेच राहिली.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती नेहमीसारखी भिंतीला कान लावून बसली. पावलं आली, भिंतीपाशी जरा थबकली आणि पुढे गेली. शास्त्री आता मंत्र मनातल्या मनात म्हणत होते.

दिवसभरात तिच्या कानावर पडणारा माणसाचा तेवढा एकच आवाज होता.