नारळ कोणाला देऊ?

बंदराचे अध्यक्ष रणदिवे यांचा माडवेळ गावात सत्कार होता. बंदराचा दगडी बंधारा समुद्रात बांधल्यापासून त्याच्या उत्तरेला वाळूची रुंद चौपाटी तयार झाली होती. दक्षिणेला मात्र माडवेळचा किनारा इतका खचला, की रापणीचं जाळं ओढायला उभं राहायची जागा उरली नव्हती.

"उत्तरेची चौपाटी ही आमच्या बंधाऱ्याची देणगी!" साहेब भाषणात म्हणाले.

शाल घालून झाली. नारळ हातात घेताना सरपंच उर्मिलाबाई कुबल यांना माडांची उघडी पडलेली मुळं आठवली. "आणि आमची वाळू, साहेब?"

"ती समुद्रानं नेली, बाई. बंधारा काय वाळू खातो?"

बाईंचा हात थांबला. "समुद्राला आम्ही दर नारळी पौर्णिमेला मान देतो," त्या शांतपणे म्हणाल्या. "उत्तरेची वाळू त्यानंच दिली असेल, तर हा नारळ त्याचा. आणि तुमच्या बंधाऱ्यानं दिली असेल, तर आमच्याकडे येणारी वाळूच त्यानं वाटेत अडवली. ती परत करा. सांगा, नारळ कोणाला देऊ?"

साहेबांचे हात ना पुढे आले, ना मागे गेले. मंडपात फक्त लाटांचा आवाज येत होता, पूर्वीपेक्षा बराच जवळून.