दार नसलेले तळघर

रोमच्या पूर्वेकडील डोंगराळ मुलखात कास्तेलव्हेर्ना नावाचे खेडे आहे. तेथील कातळात खोदलेल्या द्राक्षारसाच्या तळघराला दार नाही. चौकटीत बिजागऱ्यांच्या खाचा तेवढ्या उरल्या आहेत. वाटाड्या दोनातो पाहुण्यांना तेथेच थांबवून ही हकिकत सांगतो. तिला लेखी आधार नाही, मात्र तिच्यातले भय प्राचीन रोमन काळच्या रीतीशी जुळणारे आहे.

फार पूर्वी हे तळघर एका उमराव घराण्याचे होते, असे सांगतात. अशा घरच्या सुनेने लोकर कातावी, दासदासींवर नजर ठेवावी, पाहुण्यांत मोजके बोलावे. घरातल्या सगळ्या किल्ल्या तिच्या कमरेला असत. तळघराची मात्र नसे. मद्य चाखणे स्त्रीला बदफैलीइतकेच निषिद्ध होते. म्हणून सासरचे पुरुष भेटताच तिच्या ओठांचे चुंबन घेत. वरवर माया, आत झडती. वास आला तर न्याय घरातच होई, आणि शिक्षा मरणाचीही असे.

नेविया या घरची सून. नवरा मोहिमेवर गेलेला. द्राक्षांच्या हंगामात तळघर उघडे असताना आतून किंकाळी आली. रांजणांमागचा साप मिर्टिस नावाच्या दासीला डसला होता. नेवियाने तिच्या घोट्यातले विष तोंडाने ओढून थुंकले आणि जवळच्या रांजणातल्या मद्याने चूळ भरली. पोरगी वाचली. मग नेवियाला स्वतःच्याच श्वासाला मद्याचा वास आला.

आता चुलतसासरे ऑलस यायचे होते. खरे सांगावे तर साक्षीला मिर्टिस. आणि दासीची साक्ष यातना दिल्याखेरीज ग्राह्य धरीत नसत. नेवियाने राखेने दात घासले, पुदिना चावला, जीभ सोलवटेपर्यंत खरडली. वास जाईना. दाराशी पालखी टेकल्याचा आवाज आला.

"काय गं, एवढा घाम का फुटलाय तुला?" सासू तर्क्विटिया मागे उभी होती. गावाने जिच्या शीलाचे दाखले द्यावेत अशी कडक बाई. नेवियाने ओठ घट्ट मिटले. सासूने सुनेची लाल जीभ पाहिली नव्हती, पण वास घेतला आणि मिर्टिसच्या घोट्याची चिंधी पाहिली. ती तडक तळघरात गेली.

ऑलस अंगणात येऊन हसला. "सूनबाई, अशी दूर का? म्हाताऱ्याचा कंटाळा आला?"

नेविया भिंतीला चिकटली. तो वाकणार तोच तर्क्विटिया मध्ये आली. हातातली मद्याने भरलेली पळी तिने त्याच्या देखत ओठांना लावून रिती केली.

"भावोजी, आधी थोरलीला भेटा."

"वहिनी! हे काय केलंत?"

"वास घ्या ना. न्याय करायचाय तर माझ्यापासून करा. गावाला काय सांगाल, तेही आत्ताच ठरवा."

तिचा आवाज स्थिर होता; पळी धरलेला हात मात्र थरथर कापत होता. ऑलस मागे सरला. मग कोणालाही न भेटता पालखीत बसला. दुसऱ्याच दिवशी तर्क्विटियाने तळघराचे दार उखडून जाळले म्हणे.

आजही गावात नव्या मद्याची पहिली पळी घरची सासू पिते, दुसरी सुनेला देते. तोवर पुरुष बाहेर थांबतात. पळी धरताना हात थरथरला पाहिजे, असा दंडक आहे. नव्या सुना हसत हसत हात थरथरवतात. म्हाताऱ्या सासवांना तसे मुद्दाम करावे लागत नाही.